तत्त्वतः मंजूर: मराठी संपादकांना खुले पत्र

मराठी दैनिकांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस,
सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे एका पुलाची फाइल आहे. तिच्यात अकरा कात्रणं आहेत. पूल कुठला, नदी कुठली हे मुद्दाम लिहीत नाही. आपापल्या जिल्ह्यातला असा एखादा पूल आपल्यालाही आठवेलच. पहिली बातमी आश्वासनाची. दुसरी, ‘पुलास तत्त्वतः मान्यता’. तिसरी, ‘अखेर पूल मंजूर’, सोबत फटाके फोडणाऱ्या ग्रामस्थांचा फोटो. चौथी अर्थसंकल्पातल्या तरतुदीची. पाचवी भूमिपूजनाची. सरकार बदललं, सहावी पुन्हा भूमिपूजनाची. सातवी, ‘पुलाच्या श्रेयावरून जुंपली’. आठवी, ‘काम युद्धपातळीवर’. नववी, ‘काम रखडल्याने रास्ता रोको’. दहाव्या बातमीत सुधारित प्रशासकीय मान्यता मिळाली आणि पूल पुन्हा एकदा ‘मंजूर’ झाला. अकरावी प्रचारसभेतली: निवडून दिलंत तर पहिल्या वर्षात पूल.

नदीवर आज दोन खांब आहेत. त्यांच्यावर बगळे बसतात.

या अकरापैकी चार बातम्यांचे मथळे माझे आहेत. मी तेवीस वर्षं डेस्कवर काढली, त्यामुळे हे पत्र बाहेरून दगड मारणाऱ्याचं नाही. ‘अखेर’ हा शब्द मीच घातला होता. मथळ्यात तीन अक्षरांची जागा उरली होती.

सरकारी कामाला किती पायऱ्या असतात हे मंत्रालय किंवा जिल्हा परिषद बघणाऱ्या प्रत्येक बातमीदाराला ठाऊक आहे. तत्त्वतः मान्यता म्हणजे ‘कल्पना बरी आहे’. प्रशासकीय मान्यता म्हणजे एवढ्या खर्चाचं काम हाती घ्यायला हरकत नाही. मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. पैसा यातल्या कुठल्या पायरीला येतो, हा वेगळाच खेळ. कोट्यवधींच्या कामाला अर्थसंकल्पात नावापुरती रक्कम टाकून ते यादीत जिवंत ठेवता येतं. पण आपल्या मथळ्यांना या सगळ्या पायऱ्यांसाठी एकच शब्द माहीत आहे: मंजूर. त्यामुळे एकच काम चार वेळा मंजूर होतं, दर वेळी कुणीतरी हार घालून घेतो आणि वाचकाला वाटतं, चार कामं झाली.

यात खोटं काही छापलेलं नसतं. प्रत्येक बातमी त्या त्या दिवशी खरीच असते. म्हणून तर चूक कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. अकरा कात्रणं ओळीनं लावल्याशिवाय ती दिसतच नाही, आणि ती लावण्याचं काम कुठल्याच वर्तमानपत्रात कुणाकडे सोपवलेलं नाही.

शासन निर्णयाचंच (जीआरचंच) घ्या. घोषणा झाल्यावर आपण पान एक देतो. जीआर निघतो तेव्हा तो सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतो. शेवटी त्याचा संकेतांक असतो. खर्च कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यातून भागवायचा, हे बहुधा त्यातच लिहिलेलं असतं. घोषणेतले ‘सर्व पात्र लाभार्थी’ जीआरमध्ये अटी-शर्तींच्या यादीत कसे आटत जातात, हीच खरी राजकीय बातमी. पण ती द्यायला पंधरा पानं वाचावी लागतात. घोषणा मात्र प्रेसनोटमध्ये मथळ्यासकट तयार मिळते.

अलीकडचं एक उदाहरण घेतो. जून २०२४च्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली: महिन्याला दीड हजार रुपये, वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जुलैमध्ये, त्याच अधिवेशनात, ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरचा वाढीव खर्च, आल्या. नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक. प्रचारात महायुती म्हणाली २१००, महाविकास आघाडी म्हणाली ३०००. हे आपण कसं दिलं ते आठवून पाहा. लिलाव चालू असल्यासारखं. कुणाची बोली मोठी, कोण कुणाला भारी पडणार, कोणत्या मतदारसंघात ‘लाडक्या बहिणी’ निर्णायक. योजना चांगली की वाईट हा माझा प्रश्नच नाही; घरच्या बाईच्या हातात पैसा येणं मला चांगलंच वाटतं. पण २१०० म्हणजे वर्षाला किती, ३००० म्हणजे किती, आणि तो पैसा कुठल्या खात्यातून वळवणार, हा हिशोब मांडायला फारतर एक चौकट लागली असती. ज्यांनी मांडला त्यांना मानतो. पण तो आतल्या पानावर होता आणि बोली पहिल्या पानावर.

हिशोब छापला की एका बाजूला राग येतो, दुसऱ्या बाजूचा छापला की दुसरीला. बोली छापली की कुणालाच राग येत नाही.

आता प्रचाराबद्दल. आपल्या राजकीय पानावरून ‘टोला’ हा शब्द काढून टाकला तर किती मजकूर उरेल? अमक्यांचा तमक्यांना टोला, खोचक टोला, सणसणीत टोला, नाव न घेता टोला. त्याच्या जोडीला हल्लाबोल, पलटवार, चिमटा आणि ‘राजकीय वर्तुळात चर्चेला उधाण’. (हे वर्तुळ नेमकं कुठे भरतं, हे मला तेवीस वर्षांत कळलं नाही. बहुतेक वेळा ते आमच्याच चहाच्या टेबलाएवढं होतं.) सकाळी एक नेता बोलतो, त्याचं वाक्य घेऊन दुपारी दुसऱ्यासमोर माइक धरायचा, त्याचं घेऊन संध्याकाळी तिसऱ्यासमोर. रात्री त्यावर चर्चा, चार खिडक्यांत चार प्रवक्ते. दिवसभरात कुणी कुठल्या कागदाला हात लावलेला नसतो. नेत्यांनाही हे पक्कं ठाऊक झालंय. सभेत तासभर बोलताना मध्येच एक वाक्य ते खास आपल्यासाठी ठेवतात आणि आपण इमानानं तेवढंच उचलतो.

कागद तर निवडणुकीतच सगळ्यात जास्त बाहेर पडतात. प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र असतं: मालमत्ता, कर्ज, शिक्षण, दाखल गुन्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांनी ते मतदाराच्या हातात दिलं. आपण त्यातून ‘कोण किती कोटींचा धनी’ एवढी एक बातमी काढतो आणि पुढे जातो. पाच वर्षांपूर्वी त्याच माणसानं भरलेलं शपथपत्र शेजारी ठेवलं की दुसरी बातमी आपोआप तयार होते. ती क्वचितच दिसते.

मला सर्वांत बोचणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की ज्याच्यावर गुन्हे आहेत त्या उमेदवारानं आणि त्याच्या पक्षानं त्यांची माहिती वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर प्रसिद्ध करावी. निवडणूक आयोगानं ती तीनदा द्यायला लावली, प्रचाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांत, किमान १२ पॉइंटच्या अक्षरांत. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालय आणखी पुढे गेलं: गुन्हे नसलेला दुसरा माणूस का मिळाला नाही, याचं कारण पक्षानं छापावं, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढंच कारण चालणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये, बिहारच्या निवडणुकीत हे नीट पाळलं नाही म्हणून आठ पक्षांना दंडही झाला.

म्हणजे देशातल्या सर्वोच्च न्यायालयानं एक बातमी आपल्या दारात आणून ठेवली. आपण तिचं काय केलं? जाहिरात म्हणून पैसे घेतले आणि टेंडर नोटिसा व नावबदलाच्या नोटिसांच्या शेजारी बसवली. मी त्यातली कारणं वाचत असतो. वाचण्यासारखी असतात. गंभीर कलमांखाली आरोप असलेल्या माणसाची निवड ‘समाजकार्याची आवड’ आणि ‘सुशिक्षित’ म्हणून झालेली असते. कधी दोन उमेदवारांची कारणं शब्दशः एकच, नुसतं नाव बदललेलं. त्याच अंकात राजकीय पानावर त्याच उमेदवाराच्या पदयात्रेचा तीन कॉलम फोटो. जाहिरात विभागाला जे ठाऊक आहे ते वार्ता विभागाला ठाऊक नाही, अशातला भाग नाही. दोघे एकाच मजल्यावर बसतात.

जाहिरात विभागाचं नाव निघालंच आहे तर ऑक्टोबर २००९ टाळून पुढे जाता येणार नाही.

त्या विधानसभा निवडणुकीत ‘पॅकेज’ हा शब्द, म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या वेषात छापलेला प्रचार, मराठी पत्रकारितेत घरचा झाला. मी जिथे होतो तिथे रात्री आठच्या सुमारास मजकूर यायचा, वर पेन्सिलीनं पान आणि जागा लिहिलेली. हात लावायचा नाही, अशी तोंडी सूचना. कुठेही ‘जाहिरात’ असं लिहायचं नाही. पहिले दोन दिवस मी तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बघवल्या नाहीत म्हणून दुरुस्त करून दिल्या. आजही त्या गोष्टीची लाज वाटते. पैसे मी घेतले नव्हते, पण विकला जाणारा माल धुऊन-पुसून मीच ठेवला होता.

नंतर जे घडलं ते नोंदलेलं आहे. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की एकच लेख शब्दशः, निरनिराळ्या नावांनी, एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत छापून आला होता. त्यावेळचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या निवडणूक खर्चात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवर दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे २०१४ मध्ये न्यायालयानं म्हटलं की उमेदवाराचा हिशोब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे. पुढे आयोगानं बजावलेली नोटीस त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केली, हेही सांगायला हवं. उत्तर प्रदेशात बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना मात्र, बातमीच्या वेषात छापलेल्या जाहिरातींचे २१,२५० रुपये हिशोबात दाखवले नाहीत म्हणून, ऑक्टोबर २०११ मध्ये आयोगानं तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं.

या साऱ्यात वर्तमानपत्रांचं काय झालं? काहीच नाही. वर्तमानपत्रांवर देखरेख ठेवणारी प्रेस कौन्सिल समज देऊ शकते, ताशेरे मारू शकते, त्यापुढे तिचे हात बांधलेले. तिनं नेमलेल्या परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीनं २०१० मध्ये या विकत घेतलेल्या बातम्यांवर ७१ पानांचा अहवाल वर्तमानपत्रांच्या नावांनिशी लिहिला. कौन्सिलनं तो आवरून लहानसा प्रसिद्ध केला. पूर्ण अहवाल बाहेर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. दुसऱ्यांच्या फायली उघडा म्हणून अग्रलेख लिहिणारे आपण.

आज पाकिटं तशी उघड येत नसतील. जिल्हा-राज्य पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समित्या बसतात, संशयास्पद बातमीचा खर्च उमेदवाराच्या खात्यात टाकतात. पण मुळाशी जे आहे ते तसंच आहे, आणि ते निवडणुकीपुरतं नाही.

तालुक्याचा वार्ताहर कसा जगतो, हे आपल्याला माहीत आहे. मानधन मोबाइलच्या बिलाएवढं. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. जाहिरात देणार कोण? आमदार, माजी आमदार, बाजार समितीचा सभापती, साखर कारखान्याचा अध्यक्ष, नगरसेवक. कधी? वाढदिवसाला. ‘कार्यसम्राट’, ‘विकासपुरुष’, ‘आधारवड’ अशी पुरवणी काढायची, टार्गेट पूर्ण करायचं. ज्या माणसाकडून जूनमध्ये अर्धं पान मिळवायचं आहे त्याला मार्चमध्ये हा मुलगा विचारेल का, की साहेब, पुलाचे दोनच खांब का? तो विचारणार नाही, आणि त्यानं विचारू नये अशीच सोय आपण केलेली आहे. एका वार्ताहरानं असा प्रश्न विचारला होता. बातमी आली, छापलीही गेली. पुढच्या महिन्यात जाहिरातींची वसुली का घटली म्हणून त्यालाच विचारणा झाली. तो आता झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि पूर्वीपेक्षा बरा कमावतो.

म्हणून पत्रकारांच्या नीतिमत्तेवर भाषण द्यायला मला संकोच वाटतो. प्रश्न विचारणाऱ्यानंच जाहिरात आणायची, ही रचना त्या पोरानं केलेली नाही. ती मालकांची, आणि आपण संपादकांनी सही केलेली. हे पत्र आपल्याला लिहितोय ते यासाठीच.

मतदानोत्तर चाचण्यांबद्दल फार लिहीत नाही, त्यांच्यावर हसून झालंय. १ जून २०२४च्या संध्याकाळी काही वाहिन्यांनी रालोआला (भाजपप्रणीत आघाडीला) चारशेपर्यंत नेलं. ४ तारखेला आकडा २९३ निघाला. चूक होऊ शकते. पण नमुना किती जणांचा, निवडला कसा, पैसे कुणी दिले, चुकीची शक्यता किती, हे निवडणूक चाचण्या छापताना ठळकपणे सांगा असं प्रेस कौन्सिल वर्तमानपत्रांना १९९६ पासून सांगते आहे. ग्राफिक्समध्ये विमानं, हत्ती, सिंहासनं यांना जागा होती. या चार ओळींना नव्हती.

आणि वाहिन्यांसाठी एवढंच: मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत त्या भागात प्रचार दाखवायचा नाही, असा कायदा आहे. २०२४च्या लोकसभेला महाराष्ट्रात १९ एप्रिल ते २० मे असे पाच टप्पे होते. एका टप्प्यातले मतदार रांगेत उभे असताना दुसऱ्या टप्प्यातली सभा आपण अख्खी, न कापता, थेट दाखवत होतो. कायद्याच्या अक्षरात बसत असेलही. त्या सभेतल्या एखाद्या विधानाखाली, हे खरं की खोटं, अशी एक पट्टी तरी चालवता आली असती. ब्रेकिंगच्या तीन पट्ट्या एका वेळी धावतात, चौथीला जागा झाली असती.

‘वाचकाला हेच हवं असतं’, हे आपलं उत्तर मला पाठ आहे, मीही द्यायचो. पण सातबाराचा नियम बदलला, पीक विम्याची मुदत वाढली, शिधापत्रिकेची अट आली, अशा रूक्ष बातम्या लोक कापून ठेवतात, एकमेकांना पाठवतात. मी वाचकपत्रांची फाइल बरीच वर्षं सांभाळली. ‘टोल्या’बद्दल एक पत्र आल्याचं आठवत नाही. पुलाबद्दल यायची.

मागणं मोठं नाही. ‘मंजूर’ हा शब्द पायरी लिहिल्याशिवाय छापू नका. तत्त्वतः असेल तर तत्त्वतः, आणि पैसा नसेल तर ‘पैसा नाही’ हेही त्याच मथळ्यात. कुणी कामाचं आश्वासन दिलं की त्याच कामाची आपल्याच अंकातली शेवटची बातमी तारखेसह खाली चौकटीत द्या; लायब्ररीतला माणूस दहा मिनिटांत काढून देतो, अजून त्याची नोकरी शाबूत असेल तर. गुन्ह्यांची नोटीस जाहिरातीत आली त्या दिवशी ती बातमीतही येऊ द्या, सगळ्या पक्षांची, सारख्या मापात. आणि तालुक्याच्या वार्ताहराची जाहिरातीतून सुटका करा. हे शेवटचं सर्वांत महाग आहे, म्हणून सर्वांत शेवटी लिहिलं.

सोबत पुलाच्या अकरा कात्रणांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. (त्या वार्ताहराच्याच दुकानातून काढल्या, त्यानं पैसे घेतले नाहीत.) प्रशासकीय मान्यतेच्या जीआरचा संकेतांक आणि कार्यारंभ आदेशाची तारीख मागच्या बाजूला लिहिली आहे. बारावी बातमी करायला कुणाला पाठवणार असाल तर पावसाआधी पाठवा. नदीला पाणी आलं की खांबांपर्यंत जाता येत नाही.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक